संक्रांतीनंतरचा पहिला बाजार

१२ फेब्रुवारी २००८, मंगळवार

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी टेबल मांडलं. कचेरीसमोरच्या तीन अर्जवाल्यांत मी वयानं दुसरा आणि कामानं पहिला. हे मी म्हणत नाही, आतले कारकून म्हणतात. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं रद्दीतून निवडून आणलेल्या कायद्याच्या पुस्तकांवर. सव्वीस वर्षांत माझा एकही अर्ज 'अपूर्ण' असा शेरा मारून परत आलेला नाही.

अकराच्या सुमाराला कोंडाबाई आली. डोंगराकडच्या वस्तीवरची, नाथाची बायको. शेळ्या-मेंढ्या पाळतात, काढणीला दुसऱ्याच्या रानात मजुरीला जातात. वय विचारलं तर म्हणाली, "आसंल तीस-पस्तीस." मी बत्तीस घातलं.

"अण्णा, अर्ज लिवायचाय."

"कोणाविरुद्ध?"

तिनं आधी मागं पाहिलं. "जनार्दनराव."

जनार्दनराव म्हणजे आमच्या गटातून दोनदा निवडून आलेले पुढारी. त्यांना नावानं कोणी हाक मारत नाही, 'साहेब' म्हणतात. मी टंकयंत्रावरचा हात काढला आणि तिला कुंपणाच्या कडेला नेलं. शेजारच्या टेबलाचे कान लांब आहेत.

घरकुलाच्या यादीत नाव लागावं म्हणून शिफारशीचं पत्र मागायला ती त्यांच्या संपर्क कार्यालयात गेली. बाहेर कोणी नव्हतं. त्यांनी आतल्या खोलीत बोलावलं, दार लोटलं, हात धरला, पदर ओढला, भिंतीशी रेटलं. ती त्यांच्या डाव्या तळव्याच्या कडेला रक्त येईपर्यंत चावली आणि सुटली. हे तिनं एका दमात सांगितलं. रडली नाही. ती बोलेल तसं मी पेन्सिलनं कच्च्या वहीत टिपलं. ही माझी पद्धत. कच्च्यावरून पक्का मसुदा करताना फापटपसारा काढायचा आणि दिनांक, वार, वेळ, ठिकाण जागच्या जागी बसवायचं.

"तारीख?"

"ती न्हाई मला म्हाईत."

"तारखेशिवाय अर्ज म्हणजे वेसणीशिवाय बैल. कोणीही कुठंही ओढतो. आठव."

"बाजाराच्या आदल्या दिशी. दुसऱ्या दिशी म्या बाजारात दोन करडं इकली. हातातलं दावं सुटलं, येक करडू पळालं. समदी हसली."

"कुठल्या बाजाराच्या आदल्या?"

"संक्रांत झाल्यावरचा पयला."

मी दिनदर्शिका काढली. आमचा बाजार रविवारचा. संक्रांतीनंतरचा पहिला रविवार २० जानेवारी. आदला दिवस शनिवार, १९. दोन मिनिटांत तारीख हातात. शेजारच्यानं 'जानेवारी महिन्यात केव्हातरी' असं लिहून मोकळं केलं असतं.

"म्हणजे शनिवार, एकोणीस जानेवारी."

"तुमी म्हणता तर आसंल."

"उन्हं कलली व्हती" म्हणाली, त्याचे दुपारचे चार वाजले. करडं, दावं, बाजार, हसणारी माणसं, सगळं गाळलं. बरोबर एका पानात बसला. चौथीपर्यंत शिकली आहे. सही केली, अक्षर ठळक.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

अर्ज ठाण्यात दिला. पोच घेतली, शिक्का स्वच्छ उमटला आहे. फौजदार नवीन आहेत. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, "मुद्देसूद आहे."

घरी आल्यावर नलिनीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "एवढं सगळं झालं आणि एकाच पानात बसलं?"

म्हटलं, "बसवावं लागतं. त्यालाच कसब म्हणतात."

"तुम्हाला येतं हो ते," ती म्हणाली.

बायकोनं कौतुक करावं असं क्वचित घडतं, म्हणून नोंद करून ठेवतो.

२० फेब्रुवारी, बुधवार

बातमी फुटली. दोन वर्तमानपत्रांत आली. एकात बाईचं नाव नाही, दुसऱ्यात वस्तीचं नाव देऊन टाकलं, म्हणजे सारखंच. भैरूच्या हॉटेलात आज पोह्यांपेक्षा याच विषयाच्या प्लेटा जास्त उठल्या.

"म्हैनाभर गप का बसली? म्हैनाभर?" एकजण म्हणाला.

"घरकुल न्हाई गावलं, म्हून."

"निवडणुकीच्या तोंडावर विरोधकांनी उभी केली आसंल. हे काय पयल्यांदा हाय व्हय?"

"आरं, पर धनगराची बाई कशाला आपलीच अब्रू चव्हाट्यावर आणंल? तिला काय गावतंय त्यात?" हा एकटा सिद्धनाथ, दूधवाला. त्याच्या दुधात पाणी किती असतं, यावर विषय गेला.

भैरू स्वतः साहेबांचा माणूस. कपबशी विसळता विसळता म्हणाला, "गेल्या म्हैन्यात बाजारतळावर सायबांच्या सत्काराला येवढा मांडव पडला, हजार पान उठलं. आन् त्यो मानूस आसलं करंल? अण्णा, तुमी सांगा. अर्ज तुमीच लिवलाय म्हणं."

मी म्हटलं, "मी कागदाचा माणूस. बाई सांगते, मी लिहितो. खरं-खोटं कागद ठरवतो."

सगळे आपापल्या बशीकडं वळले. नेमकं बोललं की वाद मिटतोच.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

आज माझा अपमान झाला. माझ्या कागदाचा झाला, म्हणजे माझाच.

जनार्दनरावांचा उजवा हात शैलेश दुपारी मोटारसायकल थेट टेबलाला टेकवून उभी करून आला. वर्तमानपत्राचं एक कात्रण प्लास्टिकमध्ये मढवून आणलं होतं. "अण्णा, हे वाचा. तुमच्यासारख्या जाणत्या माणसानं फसावं?"

फोटो मुंबईच्या बैठकीचा. वीस जानेवारीचा अंक, खाली ओळ: 'शनिवारी दिवसभर चाललेल्या बैठकीस उपस्थित पदाधिकारी'. दुसऱ्या रांगेत उजवीकडून तिसरे जनार्दनराव. शनिवार, १९ जानेवारी, दिवसभर मुंबईत. मग चार वाजता इथे कसे?

"तिला पंधरा दिवस दिल्यात," शैलेश म्हणाला. "अर्ज मागं घ्यायचा आणि साहेबांच्या पाया पडायचं. न्हाईतर खोट्या अर्जाबद्दल तिच्यावरच केस. वस्तीवरच्या शेरडांना साहेबांच्या तळ्यावर पाणी बंद केलंयच. तुमच्यावर राग न्हाई आमचा. तुमाला तिनं सांगितलं ते तुमी लिवलं."

मला संताप आला तो बाईचा. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या कागदावर खोटी तारीख चढली. आठव म्हणून मी तिला बजावलं होतं.

शैलेश निघताना मी कात्रण मागून घेतलं आणि भिंग लावलं. काम अर्धवट सोडायची सवय नाही. फोटोत जनार्दनरावांचा डावा हात मांडीवर आहे आणि त्या तळव्याला पांढरी पट्टी आहे. साध्या डोळ्यांना कागदाचा दोष वाटेल. भिंगातून गाठसुद्धा दिसते.

म्हटलं, "शैलेश, तुमच्या वकिलालाही हे दिसलं नसेल. बाई म्हणते शनिवारी चार वाजता ती डाव्या हाताला चावली. पण शनिवारी हा माणूस मुंबईत, आणि पट्टी आधीच बांधलेली. म्हणजे जखम जुनी. तिनं हाताला पट्टी बघितली असणार आणि त्यावरून चावल्याची गोष्ट रचली."

शैलेश माझ्याकडे बघतच राहिला. "अण्णा, नजर हाय का काय ही!"

२५ फेब्रुवारी, सोमवार

पट्टीची गोष्ट गावभर झाली. शैलेश भेटेल त्याला कात्रण दाखवतो, पट्टीवर बोट ठेवतो आणि शेवटी म्हणतो, "हे अण्णांनी शोधलं." भैरूनं चहाचे पैसे घेतले नाहीत. सिद्धनाथ मात्र म्हणाला, "अण्णा, तिचा अर्ज बी तुमीच लिवायचा आन् तो पाडायचा बी तुमीच? बरं हाय, दोनी बाजूंनी काम."

दूधवाल्याला कायद्यातलं काय कळणार?

नलिनी दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलते आहे. गुडघे दुखत असतील.

२ मार्च, रविवार

शहरालगतच्या सूसला जाऊन आलो. तिथल्या एका सोसायटीत सुनीती नावाची बाई राहते. मूळची लातूरकडची, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी; सुट्टीच्या दिवशी बायकांचा एक गट चालवते. तिनं कोंडाबाईची बाजू उचलली आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये सभा ठेवली होती आणि मलाही बोलावलं, "काका, ड्राफ्टिंग तुमचं आहे, तुम्ही यायलाच हवं." मोटार पाठवली, म्हणून गेलो.

साठेक माणसं होती. गावातले बोलतात तेच इथले बोलतात, फक्त खुर्चीवर बसून. एक गृहस्थ म्हणाले, "प्रत्येक आरोप खरा मानायचा का? उद्या कोणीही उठून कोणावरही करेल." दुसरे म्हणाले, "डेट मॅच होत नाही, तिथेच केस संपली." एक बाई उठून म्हणाली, "माझ्या बॉसनं माझ्याशी काय केलं, ते मला पाठ आहे. तारीख विचाराल तर नाही सांगता येणार. म्हणजे मी खोटी?" त्यानंतर पुन्हा तारीखच. कोंडाबाई मागच्या रांगेत पदर घट्ट घेऊन बसली होती. नाथा आला नव्हता, शेळ्या दोन कोसांवरच्या ओढ्यावर न्याव्या लागतात.

सुनीतीनं मला उभं केलं. मी स्पष्ट सांगितलं, "भाषा माझी, गोष्ट तिची. तारीख बाईनं सांगितली. तारीख पडली की कागद पडतो, मग लिहिणारा कोणीही असो." दोन-चार टाळ्या पडल्या. सुनीतीनं वाजवली नाही.

बाहेर मोटारीची वाट बघत होतो, तर कोंडाबाई जवळ आली.

"अण्णा, तितं समद्यांम्होरं म्हणालासा, तारीख बाईनं सांगितली."

"मग? तूच सांगितलीस."

"म्या बाजार सांगितला."

"बाजार रविवारचा. आदला दिवस शनिवार. यात चुकलं काय?"

"तवा मला बी वाटलं, आसंल. वस्तीवर वार कोन मोजतंय? पर आज समदी शनिवार-शनिवार करत व्हती, तवा बसल्या बसल्या बोटावर मोजलं. अण्णा, त्या आठवड्याला बाजार रविवारी कुटं भरला? रविवारी बाजारतळावर सायबाच्या सत्काराचा मांडव व्हता. दवंडी फिरली, बाजार शुक्कीरवारी. करडं म्या शुक्कीरवारी इकली."

मी म्हटलं, "शक्य नाही. मला कसं माहीत नाही?"

"ते मी काय सांगू?" ती म्हणाली. "तुमी व्हता का गावात?"

मी नव्हतो. बारा ते सव्वीस जानेवारी आम्ही दोघं कऱ्हाडला लेकीकडे होतो, नातवाच्या बारशाला.

सूस ते घर, मोटारीत मी बोटांवर पुन्हा पुन्हा वार मोजत होतो. ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?"

३ मार्च, सोमवार

पडताळा घेतला. ऐकीव गोष्टीवर मी जात नाही.

भैरूला सहज विचारल्यासारखं विचारलं, "संक्रांतीनंतरचा बाजार कधी भरला होता रे?"

"शुक्रवारी. रविवारी मांडव न्हवता का? माझं हॉटेल दुपारपातूर गच्च व्हतं. का वो?"

"काही नाही. नोंदीसाठी."

दवंडी देणाऱ्यालाही विचारलं. बुधवारी दिली, शुक्रवारचा बाजार, त्यानं बोटांवर मोजून सांगितलं.

म्हणजे असं. बाजार शुक्रवार, १८ जानेवारी. आदला दिवस गुरुवार, १७. जनार्दनराव त्या दिवशी गावातच; बाजारतळाच्या कडेला मांडवाचे खांब स्वतः उभे राहून रोवून घेत होते, असं दवंडीवालाच म्हणाला. माझं गणित बरोबर होतं, बाजार चुकला.

सारा गाव जाणत होता की बाजार शुक्रवारी भरला. पण बाई बाजारावरून दिवस धरते, हे गावाला कोण सांगणार? ते माझ्या कच्च्या वहीत होतं आणि पक्क्या अर्जातून मी काढून टाकलं होतं. फापटपसारा म्हणून. आता ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक, ती आणि मी. आणि तिचं कोणी ऐकत नाही.

संध्याकाळी पुन्हा भिंग घेतलं. सतराला चावली. एकोणीसला पट्टी. ही पट्टी मीच गावाला दाखवली. आणि शैलेशनं गावभर कबूल केलं की एकोणीसला ती होती.

नलिनीला सांगितलं. ती वाटाणे सोलत राहिली. मग म्हणाली, "अर्जातली चूक दुरुस्त करायची असली की लोक कोणाकडून अर्ज लिहून घेतात हो?"

"माझ्याकडून," मी म्हटलं.

"मग उद्या टेबल मांडणार आहातच की."

एवढं सोपं नाही ते. मी कबूल केलं की तारीख माझी, तर उद्या कोणीही म्हणेल, सव्वीस वर्षांतल्या बाकीच्या तारखा कोणाच्या? सात-बारा, वारसनोंदी, जन्माचे दाखले, कितीतरी कागद. 'पोळ्याच्या आसपास' म्हणून माणूस आला की मी तारीख घालत आलो. ती माझी हातोटी होती. गप्प राहिलो तर काय होईल? अर्ज निकाली निघेल. माझं नाव तसंच राहील. ती खोटी ठरेल.

नलिनीनं शेंगांची सालं उचलली आणि म्हणाली, "त्या पळालेल्या करडाचं काय झालं, विचारलंत का तिला?"

५ मार्च, बुधवार

साहेबांनी बोलावलं, गेलो. तेच कार्यालय. आतली खोली. दाराला आतून कडी आहे, ती पाहिली.

"ये, चंद्रकांत. तुझ्यासारखी नजर माझ्याकडं एकाला नाही," जनार्दनराव म्हणाले. "इथं टेबल देतो. पंखा, कॉम्प्युटर. लोकांचे अर्ज इथूनच लिही. उन्हातान्हात कशाला बसतोस?"

"विचार करतो साहेब."

"विचार कसला? आणि त्या बाईचं काही डोक्यात ठेवू नको. मी तिला माफ केलंय. फक्त तिनं चारचौघांत म्हणावं, चूक झाली."

त्यांनी नमस्काराला हात जोडले. डाव्या तळव्याच्या कडेला ओळीनं चार बारीक पांढरे ठिपके. मी मोजले.

"साहेब, हाताला काय झालं होतं?"

"काच लागली मांडवाच्या वेळी. का?"

"सहज. मला बारकाई बघायची खोड आहे."

हसले. मीही हसलो. काच रेघ ओढते, ठिपके देत नाही. आणि मांडवाचे खांब गुरुवारी रोवले. म्हणजे जखम त्या दिवशीची, हे त्यांनी आपल्या तोंडानं सांगितलं.

रस्त्यावर शैलेश म्हणाला, "उद्या महाशिवरात्र. परवा मुदत संपतीय तिची. तुमीच समजावा, तुमचं ऐकंल."

७ मार्च, शुक्रवार

रात्री झोप बरी लागली. ठरल्यावर लागते.

सकाळी दहा वाजता धुतलेला सदरा घालून ठाण्यात गेलो. कच्ची वही, अर्जाची माझ्याकडची नक्कल, कात्रण आणि भिंग. फौजदारांपुढे क्रमानं मांडलं. म्हणालो, "साहेब, या अर्जातली तारीख फिर्यादीची नाही, माझी आहे. मी काढली आणि चुकली. ती काय म्हणाली होती, ते या वहीत आहे." पान उघडून दाखवलं: बाजाराच्या आदल्या दिशी, संक्रांत झाल्यावरचा पयला, दोन करडं.

त्यांनी पान वाचलं, पुढचं-मागचं उलटून पाहिलं. मी बाजाराचं सांगितलं, दवंडीवाल्याचं नाव दिलं. मग कात्रण आणि भिंग पुढे केलं. पट्टी त्यांनी बराच वेळ पाहिली.

"हे तुम्हीच तिच्याविरुद्ध शोधलं होतं ना? माझ्या कानावर आलंय."

"हो. निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष चुकला."

"किती वर्षं अर्ज लिहिता?"

"सव्वीस."

"सगळ्यांत अशाच तारखा घालता?"

"ज्याला माहीत नसेल त्याच्या घालतो. घालत होतो."

त्यांनी वही बंद केली आणि तिच्यावर हात ठेवला. "एक सांगा. पेन्सिलचं लिखाण आहे. हे पान तुम्ही काल लिहिलं नाही कशावरून? उद्या त्यांचा वकील हेच विचारणार. तुम्हाला विरोधकांनी फोडलं, असंही म्हणणार."

मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, दाखवायला काही नाही. शिक्का नाही, पोच नाही, साक्षीदार नाही. आयुष्यात मी कागदाशिवाय काही बोललो नव्हतो.

म्हटलं, "साहेब, मी खरं सांगतोय."

"ते तीही म्हणत होती," फौजदार म्हणाले. रागानं नाही. मग त्यांनी माझा जबाब घ्यायला सांगितला आणि म्हणाले, "सोमवारी बाईला घेऊन या. तिचा जबाब नव्यानं घेतो. दवंडीवाल्यालाही बोलावतो, आणि कार्यालयात त्या दिवशी कोण होतं तेही बघतो."

जबाबात दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकलं होतं. मी दुरुस्त करून घेतलं, मगच सही केली.

८ मार्च, शनिवार

टेबल मांडलं. दुपारपर्यंत एकही गिऱ्हाईक नाही. दोघेजण आले, मला पाहून शेजारच्या टेबलावर गेले. शैलेश मोटारसायकल न थांबवता ओरडून गेला, "अण्णा, किती घेतलं वो विरोधकांकडून?"

भैरूच्या हॉटेलात शिरलो तर एकजण म्हणाला, "तारीखवाले आले. भैरू, आज कंची तारीख हाय ती इचारून घे, नंतर बदलंल." सगळे हसले. गेले पंधरा दिवस तिच्याविषयी जे ऐकलं, ते आज माझ्याविषयी ऐकलं, शब्दही फारसे बदलले नव्हते. कोणाच्या सांगण्यावरून, कशासाठी, आत्ताच का.

चहाचे पैसे भैरूनं घेतले. सिद्धनाथ माझ्या बाकावर येऊन बसला आणि वर्तमानपत्र उघडून म्हणाला, "अण्णा, हे बातमीतलं बारीक अक्षर वाचा की जरा. माझा चष्मा घरी ऱ्हायला." त्याला चष्मा नाही.

मला वाईट वाटत नाही. काम चोख झालं आहे.

१० मार्च, सोमवार

कोंडाबाई आणि नाथा सकाळी नऊलाच ठाण्याच्या पायरीवर बसले होते. सुनीती कामावरून सुट्टी घेऊन आली होती. मी रात्रीतून दीड पानाचा नवा मसुदा करून आणला होता, यावेळी तिच्या शब्दांत, करडांसकट. बाजार शुक्रवारी भरल्याची कारणमीमांसा वेगळ्या परिच्छेदात.

तिला म्हटलं, "हे दे फौजदारांना. मी वाचून दाखवतो, ऐक एकदा."

तिनं कागद हातात घेतला, दोन ओळी बोट ठेवून वाचल्या आणि घडी करून मला परत दिला.

"अण्णा, तुमी बसा हितं. मला लिवायचं न्हाई. सांगायचं हाय."

नाथा म्हणाला, "ती सांगंल. तुमी काळजी करू नगा."

महिला पोलीस तिला आत घेऊन गेली. फौजदारांसमोर एक लेखनिक. मी बाहेरच्या बाकावर, खिडकीच्या शेजारी. मुद्दाम नव्हे, जागा तीच रिकामी होती. सुनीती भिंतीला टेकून उभी. समोर रस्त्यावर शैलेश आणि चार पोरं.

एक तास पन्नास मिनिटं लागली. सांगताना ती माझ्याकडे सांगितलं होतं तशी एका दमात सांगत नव्हती. थांबत होती, मागं जात होती, पाणी मागत होती. खोलीच्या खिडकीला निळा पडदा होता म्हणाली. टेबलावर सत्काराच्या पत्रिकांचे गठ्ठे होते. यातलं माझ्या वहीत काहीच नाही. मी विचारलं नव्हतं.

"वार कोणता?" फौजदारांनी विचारलं.

"वार मला इचारू नगा सायेब. दुसऱ्या दिशी बाजार व्हता. त्यो कवा भरला ते गावाला इचारा. समद्यांनी भाजी घेतलीया."

मी खिशातल्या मसुद्यावर हात ठेवला. काढला नाही.

शेवटी लेखनिकानं जबाब वाचून दाखवायला सुरुवात केली, सरकारी चालीत, भरभर. नाव, वय, राहणार, व्यवसाय. कार्यालयात गेले, आत बोलावलं, दार लोटलं. मग आवाज आला, "...तेव्हा त्यांनी वाईट हेतूने माझा हात धरला, असे मला वाटले."

"थांबा," कोंडाबाई म्हणाली.

लेखनिक थांबला.

"वाटलं न्हवं. धरला. मी व्हते तितं."

सुनीती भिंतीपासून पुढे आली. मग फौजदारांचा आवाज आला, लेखनिकाला.

"खोडा ते."